मॅडम जित्या हायत, सोडा

"घरचं हाय, अक्काताई. निर्धास्त प्या," मुलाणी म्हणाला आणि आपल्या निळ्या कॅनमधून तांब्या भरून त्याने तिच्यापुढे धरला.

अक्काताई देवकुळेची एस.टी. स्टँडसमोर खानावळ होती. नळाला गढूळ पाणी आलं म्हणून त्याची बाटली भरून घेऊन ती तक्रार करायला आमच्या जलशुद्धीकरण केंद्राचा चढ चढून आली होती. धापा टाकत होती, तरी तिने तांब्या घेतला नाही.

"घरचं म्हंजे?"

"आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं. एकदम गोड."

"आनि ह्यो एवढा कारखाना कशाचा हाय?" तिने हात फिरवून खालचे हौद, वाळूच्या गाळण्या, मोठाले पाइप असं सगळं दाखवलं. "पानी चांगलं करायचाच न्हवं?"

"व्हय की."

"मग तुमी प्यायचं घरनं आनताय व्हय रे?"

आपण काय बोलून बसलो ते मुलाणीला आत्ता कळलं. त्याने तांब्या हळूच खाली ठेवला. अक्काताई माझ्याकडे वळली. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला होता. तिने तो एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला.

"मी, माझ्या, कामाची, मालक, आहे. हे कुनी लिवलंय?"

"मी," मी म्हणाले.

"म्हंजे मालक तू. बरं झालं, मालकच गावली." तिने गढूळ पाण्याची बाटली माझ्यापुढे आपटली. मग टेबलावरच्या माझ्या बाटलीकडे बोट केलं. "ह्यातलं पानी कुठलं?"

"खोलीवरचं."

"खोलीवर नळ हाय?"

"घरमालकांचं बोअर आहे."

कोपऱ्यात नमुना घ्यायचा नळ होता, त्याखाली ओंजळ धरून ती आमचंच पाणी पोटभर प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि जाता जाता म्हणाली, "आमी तर पितोयच. आमाला कुठलं आलंय बोअर?"

पंधरा वर्षं होऊन गेली या गोष्टीला. दुष्काळी पट्ट्यातलं ते तालुक्याचं गाव. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथल्या नगर परिषदेत केमिस्ट म्हणून करारावर लागले होते. केंद्रावर आम्ही तिघं. मी, स्नेहल मगदूम. इसाक मुलाणी, पाण्यात औषधं मिसळणारा, माझ्यापेक्षा थोडा मोठा आणि तोंडाने तिखट. आणि शिदू खिलारे, गावाला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडणारे. पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांना सगळे शिदूमामा म्हणत. आमच्या तिघांवर पाणीपुरवठा अभियंता लिगाडे साहेब. ते गावात, कचेरीत बसत.

अक्काताई आली त्याच्या आदल्या आठवड्यात लिगाडे साहेबांनी मला जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिबिराला पाठवलं होतं. कामाच्या जागी नेतृत्व कसं करावं, असा विषय. वक्त्याचा आवाज फार चांगला होता. खुर्ची कुठलीही असो, पुढारीपण आपल्यापासून सुरू होतं, असं त्याने आम्हाला पटवून दिलं. शेवटी हॉलमधले दिवे मालवून डोळे मिटायला लावले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. परतीच्या एस.टी.त मी एकामागून एक संकल्प लिहिले आणि सोमवारी सकाळी कागद भिंतीवर लावला.

अक्काताई गेल्यावर मी तो पुन्हा वाचला. 'सकारात्मक राहीन.' 'झोकून देऊन काम करीन.' प्रत्येक ओळ वाचून मी स्वतःला विचारत होते, आज हे झालं की नाही झालं? एकाही ओळीचं उत्तर देता येईना. कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत दंडक होता, जे तपासता येत नाही ते लिहायचं नाही. आणि इथे मी अख्खा कागद तसल्याच वाक्यांनी भरला होता.

कागद काढून टाकला. रोज एकच गोष्ट करायची ठरवलं, जिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच येईल: जे पाणी गावाला जाणार, ते त्या दिवशी आधी मी प्यायचं.

दुसऱ्या दिवशी बाटली खोलीवरच ठेवली आणि स्टीलचा पेला घेऊन आले. उन्हाळ्यात गावाला एक दिवसाआड पाणी असे. पाणी सोडायच्या दिवशी नमुन्याच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात एका द्रावणाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे जंतू मारण्याइतकं औषध पाण्यात आहे. मग आकडा फळ्यावर खडूने लिहायचा. हे काम माझंच होतं. पण खरी गंमत अशी, की शिदूमामा व्हॉल्व्ह उघडत ते सकाळची दुधाची गाडी रस्त्यावरून गेली की. माझी नळी पिवळी होईपर्यंत पाणी कधीकधी गावात पोचलेलंही असे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या सकाळी मी खाली व्हॉल्व्हपाशी गेले.

"मामा, आजपासून मी पाणी पिऊन झाल्यावर सोडायचं."

"पिऊन?" मामांनी पेल्याकडे पाहिलं. "ह्यातलं?"

"ह्यातलंच."

"आनि दुधाची गाडी गेली तर?"

"जाऊ दे."

मामांनी मान हलवली. ते समजून 'हो' म्हणाले की मला वाईट वाटू नये म्हणून, ते कळलं नाही. मी वर येऊन तपासणी केली, नळी पिवळी झाली, आणि पायरीवर उभी राहून पेला तोंडाला लावला. क्लोरीनची जरा झणझणीत चव, मागून मातीची. पहिला घोट गिळायला वेळ लागला. मुलाणी कमरेवर हात ठेवून बघत होता.

"मॅडम, डॉक्टर बोलवू?"

"नको."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"मुलाणी, पुरे."

तो पायरीच्या टोकाशी गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि खाली मामांना ओरडून सांगितलं, "मॅडम जित्या हायत, सोडा!"

मामा हसले आणि त्यांनी व्हॉल्व्ह उघडला.

पुढच्या वेळीही मुलाणी तसाच ओरडला. त्याच्या पुढच्या वेळीही. चार जणांत सांगायला त्याला ही चांगली गोष्ट मिळाली होती. पानपट्टीवर तो माझी नक्कल करायचा, असं मला कळलं. माझं काम पेला रिकामा करण्यापुरतं होतं. कंटाळा येत नव्हता असं नाही. सर्दी झाली होती तेव्हा चवच लागत नव्हती, तरी प्यायले. लिगाडे साहेब एकदा अचानक आले आणि मला पायरीवर उभी राहून पाणी पिताना पाहिलं.

"हे काय?"

"पाणी पितेय, साहेब."

"आत बसून प्या की. लोकांना वाटेल केमिस्टला खुर्ची दिली नाही."

बदल झाला तो चैत्र संपता संपता, आणि मी न सांगता. एका सकाळी शिदूमामा त्यांच्या घरच्या पाण्याच्या कॅनशिवाय आले. सायकलवर कॅन बांधून चढ चढताना गुडघा दुखतो, म्हणाले. "तुमी पिताच हाय. मी काय येगळा हाय का?" त्यांनी नमुन्याच्या नळाखाली ओंजळ धरली. मला वाटलं, चला, मामांचं ओझं वाचलं. पण आठवड्याभरात मी पाहिलं, की वाळूच्या गाळण्या ते आता जास्त वेळ धुऊ लागले आहेत. गाळणीवरून वाहून जाणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं, की पूर्वी ते धुणं थांबवत. आता वाकून बघत, तोंड वाकडं करत, आणि अजून थोडं धूत.

"मामा, झालं की आता," मी एकदा म्हणाले.

"तुमाला झालं असंल. मला दुपारी जेवन झाल्यावर प्यायचं हाय ते."

गाळणीच्या हौदात एकदा बेडूक निघाला, तर मामांनी मुलाणीला असा झाडला, की जणू तो मुलाणीनेच पाळला होता. मुलाणी मात्र निळा कॅन आणतच राहिला. "सगळेच मेले तर कळवायला एक मानूस पायजे," असं त्याचं म्हणणं.

वैशाखात गावची जत्रा. घरोघर पाहुणे, लेकीबाळी माहेरी आलेल्या, माळावर पाळणे. त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडायचं ठरलेलं. नगराध्यक्षांनी जत्रेच्या फलकावर तसं छापूनच टाकलं होतं. मुलाणीने तयारीत कसूर ठेवली नाही. ब्लीचिंग पावडर जास्त लागणार, ऐन वेळी पोती उसवत बसायला नको, म्हणून आठवडाभर आधीच त्याने पत्र्याच्या शेडमधली सगळी पोती कापून, तोंडं उघडी करून ओळीने लावून ठेवली होती. तोवर आधीचं चालू पोतं पुरलं. आदल्या संध्याकाळी त्याने त्यातलीच पावडर पहिल्यांदा कालवली आणि गावाला जायच्या पाण्याची मोठी टाकी भरून ठेवली.

केंद्राला पाणी पुरवणारा तलाव तळाला गेला होता. खालच्या झडपेतून येणारं पाणी काळपट दिसायचं.

जत्रेच्या सकाळी मी लवकर पोचले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. छान पिवळं झालं, नेहमीपेक्षा काकणभर गडदच. पेला भरला आणि पायरीवर आले. मुलाणी हात तोंडाशी नेऊन तयारच होता.

मी एक घोट घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

चव नव्हती. क्लोरीनची ती झणझण, जिच्यामुळे पहिल्या दिवशी मला घोट गिळवत नव्हता, तीच नव्हती. मागे लोखंडाची कडी चाटल्यासारखं काहीतरी होतं.

"मॅडम?" मुलाणी म्हणाला.

"थांब."

मी आत जाऊन पुन्हा तपासणी केली. पुन्हा पिवळं. नळी म्हणत होती क्लोरीन भरपूर आहे, जीभ म्हणत होती मुळीच नाही. दोघींतली एक खोटं बोलत होती. मी शिदूमामांना वर बोलावलं. काही न सांगता पेला पुढे केला.

मामांनी घोट तोंडात घोळवला. "मुकं लागतंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रोज बोलतंय तसं बोलंना ह्ये."

तेव्हा मला एम.एस्सी.च्या वर्गातली एक तळटीप आठवली. तळाच्या पाण्यात मँगॅनीज नावाचा धातू विरघळलेला असतो. तो हवा लागून बदलला, की याच द्रावणाला तसाच पिवळा रंग देतो. पाण्यात क्लोरीन नसला तरी. परीक्षेपुरती पाठ केलेली ओळ होती ती. खरं-खोटं करायचा उपायही सोपा होता: आधी क्लोरीनला मारणारं औषध, थायोसल्फेट, नळीत टाकायचं आणि मग द्रावणाचे थेंब. रंग क्लोरीनचा असेल तर तो आता येता कामा नये.

रंग आला. तितकाच पिवळा.

मी पावडरीच्या शेडमध्ये गेले आणि उघड्या पोत्यात तोंड घालून श्वास घेतला. ब्लीचिंगच्या पोत्यात असं नाक घातलं तर माणूस खोकून खोकून बेजार व्हायला हवा. मला चुन्याचा वास आला. वर पत्रा, आठवडाभराचं ऊन, उघडी तोंडं. पावडर मेली होती. मी दुसरं पोतं हुंगलं, तिसरं हुंगलं. मुलाणी दारात उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी."

त्याने स्वतः मूठभर पावडर नाकाशी नेली. "ऐन वेळी घाई नगो म्हनून केलं ओ मी."

"माहीत आहे. बंद पोती कुठे मिळतील?"

"तिकडच्या प्रादेशिक पानी योजनेवर. पन जाऊन यायला दुपार टळंल."

"मग निघ."

तो निघाला. जत्रेचा म्हणून घातलेला नवा शर्ट तसाच अंगावर ठेवून त्याने शेजारच्या वस्तीवरचा टेम्पो काढला. मी लिगाडे साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"रंग पिवळा येतोय ना?" साहेब म्हणाले.

"येतोय, पण तो क्लोरीनचा नाही."

"मग चव बघून पाणी सोडायचं का आता? मॅडम, आपली तपासणी रंगाची आहे. रंग आलाय. तुम्ही आकडा लिहा आणि सोडा."

"सोडता येणार नाही, साहेब. टाकीतल्या पाण्यात औषधच नाहीये. आणि हे तलावाच्या तळाचं पाणी आहे. आज घरोघर लहान मुलं आलीत."

"आज जत्रा आहे हे मला सांगताय?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम उतरला, आणि तो उतरलेला आवाज मला जास्त लागला. "हे बघा, तुमचा करार महिनाअखेर संपतोय. मुदतवाढीची फाइल माझ्या टेबलावर आहे. मला तुमचं वाईट करायचं नाही. नसता घोळ घालू नका."

"आकडा मी लिहिणार नाही," मी म्हणाले. फोन दोन्ही हातांनी धरला होता.

त्यांनी फोन ठेवला. मिनिटभरात खाली व्हॉल्व्हपाशी मामांचा फोन वाजला. मी पायरीवर आले. मामांना जरा कमी ऐकू येई, म्हणून ते फोनवर ओरडून बोलत. त्यामुळे मला एकच बाजू ऐकू आली, पण ती पुरली.

"व्हय साहेब... हातच हाय व्हॉल्व्हवर... न्हाई सोडलं... मॅडमचा निरोप आला न्हाई अजून... निरोप म्हंजे, त्या जित्या हायत म्हनून मुलाणी वरडतोय ना, त्यो... चेष्टा न्हाई ओ साहेब, रोजचं हाय ते... व्हय, तुमी साहेब हायसा, मला ठाव हाय की... पन मी पितोय न्हवं ह्ये पानी... व्हय, मीच पितोय... आज मुकं लागतंय, साहेब."

मग मामांनी फोन खिशात ठेवला. व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले. मामांची नोकरी संपायला अजून बरीच वर्षं होती आणि लिगाडे साहेबांना त्यांनी त्यापूर्वी कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तासाभरात गेटवर माणसं जमू लागली. घागरी, बादल्या, कुणी मोटारसायकली घेऊन. सगळ्यांत पुढे अक्काताई, मागे तिच्या खानावळीतल्या दोघी.

"ए मालक!" तिने मला लांबूनच हाक मारली. "पानी कुठाय? पन्नास ताटं हायत माज्याकडं!"

मी गेटपर्यंत गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "औषध खराब निघालंय, अक्काताई. नवं आणायला माणूस गेलाय. ते आल्यावर सोडू. दुपार टळेल."

"आनि तवर?"

"तोवर नाही. आत्ता टाकीत आहे ते मी तुम्हाला देणार नाही."

"का? आजवर दिलंसा की गढूळ, वासाचं, किड्यांचं. आजच कसं सोवळं आलं?" मागून लोक हसले. कुणीतरी शिवी हासडली.

"तुम्ही आलात त्या दिवसानंतर मी प्यायले तेच तुम्हाला दिलं. आजचं सकाळी दोन घोट घेतलं आणि ठेवून दिलं. आता पिणार नाही."

अक्काताईने मागे वळून हाताखालच्या बाईला फर्मावलं, "जा गं, मळ्यातल्या हिरीवरनं चार खेपा आन. उकळून घ्यायचं म्हनावं." आणि माझ्याकडे वळून, "पन आदी सांगायचं हुतं. सकाळच्याला दवंडी दिली असती तर काय जीभ झडली असती तुजी?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

"मालक म्हनं," ती पुटपुटली. पण ती गेली नाही. गेटला टेकून उभी राहिली आणि येईल त्याला स्वतःच सांगू लागली, "औषिद मेलंय. हिरीवर जावा. उकळून प्या."

लिगाडे साहेब जीपने आले ते थेट प्रयोगशाळेत. शर्ट घामाने चिकटलेला. मला वाटलं, आता हे स्वतःच जाऊन व्हॉल्व्ह फिरवतील. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाले, "साहेब, आधी हे बघा, मग काय ते म्हणा." त्यांच्यासमोर दोन नळ्या ठेवल्या. दोन्हींत टाकीचं पाणी. एकीत थायोसल्फेट टाकलं.

"आता या नळीत क्लोरीन राहणार नाही. आधी असला तरी."

"बरं."

दोन्हींत थेंब टाकले. दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या पिवळ्या झाल्या. साहेबांनी त्या उचलल्या, खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. त्यांचं शिक्षण बांधकामातलं. पण कडक माणूस असला तरी समोरची वस्तू नाकारणारे ते नव्हते.

"म्हणजे हा रंग..."

"तळाच्या धातूचा आहे. क्लोरीन शून्य."

ते खुर्चीत बसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नगराध्यक्षांचा आवाज मला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता. फलकावर छापलंय, पाहुणे बसलेत, कुणी थांबवलं पाणी, नाव सांगा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळ्यांकडे पाहत राहिले. माझ्या मुदतवाढीचं जे व्हायचं ते आता होणार, असं मी मनाशी धरलं.

"मी थांबवलंय," लिगाडे साहेब म्हणाले. "नाही, केमिस्टनी नाही. मी. तपासून बघितलंय मी. हो, जबाबदारी माझी."

पुढे कितीतरी महिने मुलाणी या वाक्यावर चिडत असे. थांबवलंत तुम्ही आणि नाव झालं साहेबांचं, म्हणायचा. पुढे साहेबांचं नाव झालं हे खरंच. शेजारच्या गावाने त्यांना बोलावून ही तपासणी शिकून घेतली. पण त्या दुपारी ते वाक्य बोलताना त्यांना नाव मिळणार नव्हतं, शिव्याच मिळणार होत्या. फोनमधून त्या मिळतही होत्या. मी तिथे होते. माझी मुदतवाढ झाली, तीही बरीच रखडून. तोवर मी दुसरीकडे अर्ज करून ठेवला होता. त्याबद्दल मला कुणाला बोल लावायचा नाही.

फोन ठेवून साहेबांनी बाह्या वर केल्या.

"मॅडम, हे मला शिकवा. उद्या मलाच विचारणार सगळे."

मी त्यांच्या हातात नळी दिली. त्यांनी थायोसल्फेटच्या आधी द्रावणच टाकलं. मी थांबवलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं तेव्हा त्यांनी नळी धुऊन उपडी घातली आणि परत एकदा करून बघितलं.

दुपार कलल्यावर मुलाणी आला. नवा शर्ट पांढरा झालेला, डोळे लाल, आणि बंद पोत्यावर नुसता हात ठेवला तरी खोकला येत होता. मामांनी आणि त्याने मिळून पावडर कालवली, वरचं निवळलेलं पाणी टाकीत सोडलं. मी नळीत पाणी घेतलं, दोन्ही प्रकारे तपासलं. एक पिवळी गडद, दुसरी फिकी. दोघींत जेवढा फरक, तेवढा क्लोरीन खरा.

गेटवरचा आवाज वाढला होता. टेम्पो आत येताना सगळ्यांनी पाहिला होता. मामा व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. साहेबांनीही मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोडायचं?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत लिगाडे साहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "औषध पडलंय, पण जंतू मरायला वेळ लागतो. अजून अर्धा तास."

"अर्धा तास?" त्यांनी गेटकडे पाहिलं. तिथे कुणीतरी घागरीवर दगडाने ताल धरला होता. "पाच मिनिटंसुद्धा थांबायचे नाहीत ते."

"तरी अर्धा तास."

साहेबांनी रुमालाने मान पुसली, खिशातलं पेन सरळ केलं. मग पायऱ्या उतरून त्या गर्दीकडे चालू लागले, आणि गेटपाशी पोचायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"अजून अर्धा तास!" ते मोठ्याने म्हणाले.